घड्याळ आमच्यासाठी थांबायचं

मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादक कल्याणी फोनवर म्हणाली, "मावशी, तुमच्या जर्मनीतल्या करिअरवर लिहा." मी म्हटलं, "करिअर आमच्या ह्यांचं. मी नोकरी केली." ती म्हणाली, "मग नोकरीवर लिहा, पण जरा प्रेरणादायी असू दे." प्रेरणादायी काही होईल असं वाटत नाही. सध्या मी चिडलेली आहे आणि चिडूनच लिहायला बसले आहे. ज्यांना दिवाळीत फक्त गोड हवं असेल त्यांनी सरळ पान उलटावं, पुढे कुणाची तरी अनारशांची पाककृती असेलच.

मी मंगल दामले, माहेर सांगली. ब्राउनश्वाइगला आले ती ह्यांच्यामागून. हे मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. माझी बी.कॉम.ची पदवी इथल्या कचेऱ्यांत फिरून फिरून दमली आणि शेवटी मला काम मिळालं ते शहराच्या कडेच्या एका मैदानावर. मैदान एका फेराइनचं, म्हणजे क्रीडामंडळाचं. किल्ल्या सांभाळायच्या, कपडे बदलायच्या खोल्या उघडायच्या, पांढऱ्या रेघा मारायच्या, मुलांनी विसरलेले मोजे आणि बाटल्या गोळा करायच्या. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. सासूबाई पुण्याहून विचारायच्या, "मैदानावर म्हणजे नेमकं काय काम गं?" मी सांगायची, "मॅनेजमेंट, आई." त्यांनी ते सोसायटीत सगळ्यांना सांगितलं होतं.

पण लिहायचंय ते या पगारी कामाबद्दल नाही. त्याच मैदानावर शनिवारी मी जे दुसरं काम केलं, आणि निवृत्तीनंतरही सोडलं नाही, त्याबद्दल लिहायचंय. मी साखळी धरते.

आमच्या फेराइनचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे, नाव बीव्हर्स. खेळणारी बहुतेक कॉलेजची मुलं. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने मारायचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. हा तो नाही. हा चेंडू लांबट, हातात धरून पळायचा किंवा फेकायचा, आणि समोरच्याने तुम्हाला आडवं करायचं. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे, पण माझ्या कामापुरतं एवढंच समजलं तरी पुरे: ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्न मिळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही गेले तर चेंडू दुसऱ्यांचा. सगळा खेळ, सगळी आरडाओरड, सगळ्या आयांची अर्धवट खाल्लेली नखं या दहा यार्डांसाठी असतात.

हे दहा यार्ड मोजतो आम्ही. मैदानाच्या कडेला आम्ही तिघं उभे असतो. दोन उंच काठ्या, त्यांच्या बुडाशी बांधलेली बरोबर दहा यार्डांची साखळी. मागची काठी जिथून सुरुवात झाली तिथे, पुढची काठी जिथवर पोचायचं तिथे. तिसरी काठी आकड्याची, चालू प्रयत्न कितवा ते दाखवणारी. ती माझी. मागची काठी हेअर, म्हणजे श्रीयुत, थिले यांची, पुढची फ्राऊ, म्हणजे श्रीमती, होप्पे यांची. थिले आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेले, फ्राऊ होप्पे बालवाडीच्या बाई होत्या. तिघांपैकी सर्वांत तरुण मी, आणि माझा डावा गुडघा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे.

या कामात मी शिरले ती किल्लीमुळे. साखळी धरणारा एक मुलगा त्या शनिवारी आलाच नाही, आणि पंचांना किल्ल्यांचा जुडगा हातात घेतलेली मी दिसले. त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "इथे उभ्या राहा, सोडू नका." मी सलवार-कमीजवर जॅकेट घातलेली, पायात रबरी बूट. थोड्या वेळात दोन धिप्पाड पोरं एकमेकांना घट्ट धरून थेट माझ्याकडे घसरत आली. बाकीचे दोघं काठ्या टाकून मागे पळाले. मी नाही पळाले. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं, कुणी विश्वासाने हातात दिलेली वस्तू टाकायची नाही. मी, काठी आणि दोन पोरं असे आम्ही चौघं जाहिरातीच्या फळीवर जाऊन आदळलो. पंच धावत आले. मला वाटलं शाबासकी देतील. ते ओरडले, "काठी टाकायची आणि मागे व्हायचं! काठी दुसरी मिळते!" मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात सोडू नका." पुढच्या शनिवारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं.

साखळीवाल्यांचा पहिला धर्म म्हणजे तटस्थपणा. आम्ही यजमान संघाचे, पण आमच्या मुलांनी कितीही मोठा पराक्रम केला तरी टाळी वाजवायची नाही. वर आम्हाला उभं राहायचं असतं ते पाहुण्या संघाच्या बाजूला. म्हणजे मागे पन्नास परकी पोरं आणि त्यांचे कोच आपल्या पोरांना शिव्या घालताहेत आणि आपण तोंड मिटून उभ्या. बायर्नमधून येणारे एक कोच फार चलाख. प्रत्येक वेळी माझ्याजवळ येऊन अगदी गोड आवाजात म्हणायचे, "फ्राऊ दामले, काठी जरा एवढीशी इकडे." एकदा मी त्यांना शुद्ध मराठीत सांगितलं, "जमणार नाही. पुढे चला." एक अक्षर कळलं नसेल, पण ते पुढे गेले. सासर पुण्याचं असल्याचा असाही उपयोग होतो.

मंडळाच्या गणपतीचा कार्यक्रम नेमका शनिवारी आला की बायका विचारायच्या, "मंगल, तू तिथे करतेस तरी काय?" मी सांगायची, "उभी राहते." त्यांना वाटायचं मी थट्टा करते आहे. मग एकदा मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, बायांनो, तिथे माझ्यासाठी घड्याळ थांबतं.

ते खरंच थांबायचं. जुना नियम असा होता की एखाद्या संघाने दहा यार्ड पूर्ण केले की मैदानावरचं मोठं घड्याळ थांबायचं. कशासाठी? तर आम्हाला काठ्या उपटून नव्या जागी नेऊन लावता याव्यात म्हणून. आम्ही चालत जायचो, थिले मागची काठी रोवायचे, फ्राऊ होप्पे साखळी ताणायच्या, मी आकडा बदलायची, मग पंच हात फिरवायचे आणि घड्याळ पुन्हा सुरू. बावीस खेळाडू, कोच, प्रेक्षक, सॉसेज विकणारा, सगळे तेवढा वेळ आमच्याकडे बघत उभे. विचार करा, घरात मी "जरा थांबा हो, कुकर बंद करते" म्हटलं तर माझ्यासाठी कुणी थांबलेलं नाही. इथे घड्याळ थांबायचं.

आणि मग नियम बदलला.

बदलला तिकडे अमेरिकेत. तिथे कॉलेजांचे सामने टीव्हीवर दाखवतात आणि ते फार लांबतात अशी तक्रार होती. मग मोठ्या लोकांची समिती बसली आणि सामने आटोपशीर करायचे उपाय निघाले. एका संघाने लागोपाठ दोनदा खेळ थांबवायचा नाही. काही शिक्षांपायी डाव लांबवायचा नाही. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे दहा यार्ड पूर्ण झाल्यावर घड्याळ थांबवायचं नाही. फक्त मध्यंतराआधीच्या आणि सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत जुनी पद्धत चालेल. इथल्या लीग तिकडचंच पुस्तक वापरतात, त्यामुळे तिकडे शिंक आली की इकडे आम्ही रुमाल काढतो.

न्यायाने बोलायचं तर या बदलाची एक बाजू मला पटते. खेळ थोडा कमी झाला की पोरांची डोकी आणि गुडघे थोडे कमी आपटतात. गुडघ्यांबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. पण थिले, जे अमेरिकेतल्या सगळ्या बातम्या वाचतात, त्यांनी मला सांगितलं की सामने लांबतात त्यात जाहिरातींचाही मोठा हात आहे. "मग जाहिराती कमी केल्या का?" मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मागेही एकदा तिकडे असाच घड्याळ पळवायचा नियम केला होता म्हणे, लोकांनी इतका आरडाओरडा केला की पुढच्या मोसमात तो गुंडाळावा लागला. आमच्या मैदानावर जाहिराती नाहीत. टीव्ही नाही. एका खेळाडूचे वडील तिकाटण्यावर मोबाइल लावून शूटिंग करतात, तेवढंच प्रक्षेपण. त्यांना कसलीच घाई नसते. तिकडच्या साबणाच्या आणि मोटारींच्या जाहिराती शाबूत राहिल्या, आणि इकडे माझा दम कापला गेला.

कारण आता घड्याळ पळतं आणि साखळी मात्र तेवढीच जड राहिली आहे. आमच्या लीगमधले पंच साखळी नीट लागल्याशिवाय खेळ सुरू करत नाहीत. पूर्वी आम्हाला उशीर झाला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं, घड्याळ उभंच असायचं. आता आम्ही जेवढं रेंगाळू तेवढा वेळ मागे पडलेल्या संघाचा वाया जातो. पहिल्याच सामन्यात दोन्ही बाजूंचे कोच आमच्यावर ओरडले. फ्राऊ होप्पे म्हणाल्या, "बालवाडीतल्या मुलांनासुद्धा मी कधी अशी पळवली नाही."

सामन्यानंतर यानिक आला. यानिक म्हणजे संघाचा व्यवस्थापक. पूर्वी याच संघातून खेळायचा, कानातलं डूल हरवलं म्हणून माझ्याकडून तीनदा खोली उघडून घेतलेला. चांगला मुलगा आहे, पण व्यवस्थापक झाल्यापासून सगळी वाक्यं "आल्झो" म्हणून सुरू करतो, म्हणजे "तर मग".

"आल्झो, फ्राऊ दामले," तो म्हणाला, "तुमच्या सगळ्यांचे आम्ही खूप आभारी आहोत."

जर्मन माणूस आधी आभार मानायला लागला की आपण खुर्ची घट्ट धरावी. मी म्हटलं, "पुढचं बोल."

"नवा नियम आहे. वेग लागतो. आपल्याकडे विद्यार्थी आहेत, तरुण आहेत. तुम्ही तिघं केकच्या स्टॉलवर..."

"मला केक येत नाही," मी म्हटलं. "थिले यांना तर चहासुद्धा येत नाही."

तो हसला, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. शेवटी असं ठरलं की तूर्त आम्हीच उभं राहायचं. पण या मोसमात आमच्या उशिराबद्दल पंचांकडून एक जरी तक्रार आली तर साखळी विद्यार्थ्यांकडे. मी हो म्हटलं. दुसरं करणार काय?

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर आहे. वेग ही मोजता येणारी गोष्ट आहे."

"अहो, मोजतो तर आम्हीच," मी म्हटलं. त्यावर ते वर्तमानपत्र खाली ठेवून चहा टाकायला गेले.

खरी काळजी मला माझी नव्हती. माझ्याकडे घर आहे, हे आहेत, मंडळ आहे, भांडायला पुरेशी माणसं आहेत. थिले यांच्या बायकोला जाऊन काही वर्षं झाली. त्यांचा आठवडा शनिवारपासून सुरू होतो आणि शनिवारीच संपतो. तो निरोप मी त्यांना ट्रामच्या थांब्यावर सांगितला. ते म्हणाले, "फ्राऊ दामले, मी जन्मभर घड्याळामागे पळालो. एक मिनिट उशीर झाला तर वरिष्ठांना कारण द्यावं लागायचं. मैदानावर आलो तेव्हा पहिल्यांदा बघितलं, घड्याळ माणसांसाठी उभं राहतं."

त्यानंतर आम्ही सराव सुरू केला. मंगळवारी सकाळी, मैदान रिकामं असताना. लोक कुत्री फिरवायला यायचे आणि तीन म्हातारे साखळी घेऊन पळताना बघून कुत्र्यांना आवरायचे. आम्ही क्रमच बदलून टाकला. चेंडू जिथे थांबला त्याच्या सरळ रेषेत मी आधी पोचायचं, आकड्याची काठी रोवायची. थिले यांनी जागा शोधत बसायचं नाही, माझ्या काठीपाशी यायचं. फ्राऊ होप्पे यांनी कुणाचीही वाट न बघता पुढे निघायचं आणि साखळी ताणली की थांबायचं. त्यांच्या बालवाडीच्या आवाजाला आम्ही शिट्टी केलं. त्या "लोस!", म्हणजे "चला!", म्हणाल्या की बदकंसुद्धा हलायची. बऱ्यापैकी जमलं. एक गोष्ट मात्र कमी वेळात बसेना, ती म्हणजे चिमटा.

चिमट्याबद्दल सांगायलाच हवं. मैदानावर दर पाच यार्डांना आडवी रेघ असते. साखळी लावली की मागच्या काठीजवळची जी रेघ साखळीखालून जाते, बरोबर तिथे साखळीवर एक चिमटा लावायचा. का? कारण कधीकधी कडेवरून बघून कळत नाही की दहा यार्ड झाले की नाही. मग साखळी उचलून मैदानाच्या मधोमध चेंडूपाशी न्यावी लागते. उचलल्यावर ती पुन्हा नेमकी कुठे ठेवायची? चिमटा त्याच रेघेवर टेकवायचा, की साखळी होती तशी बसते. चिमटा नसेल तर ती साखळी म्हणजे नुसतं लोखंड.

हे यानिकला ठाऊक नव्हतं असं नाही. तो खेळायचा तेव्हा एका परगावच्या मैदानावर त्यांचा सामना अशाच मोजणीवर येऊन ठेपला होता. मी संघाच्या बसने गेले होते, प्रेक्षकांत बसले होते. तिथल्या साखळीवाल्यांनी चिमटा लावलाच नव्हता. पंचांनी अंदाजाने निकाल दिला, घरच्या संघाच्या बाजूने. घरच्या मैदानावर अंदाज बहुधा घरच्यांकडेच झुकतो. यानिक पंचांशी इतका भांडला की त्याला बाहेर काढलं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीला डोकं लावून बसला होता.

आणि आता तोच यानिक मला सांगत होता, "चिमटा नंतर लावा. खेळ सुरू झाल्यावर."

"खेळ सुरू झाल्यावर वाकायचं नसतं," मी म्हटलं. "बावीस जण अंगावर येऊ शकतात. मी एकदा फळीवर जाऊन आले आहे."

थिले यांची बोटं आता थोडी कापतात. चिमटा लावायला त्यांना वेळ लागतो. "मी लावू का?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय परत काढला नाही.

मोसम पुढे सरकत राहिला. पावसातले सामने झाले, एका सामन्यात फ्राऊ होप्पे यांचा बूट चिखलात राहिला आणि त्या एका मोज्यावर पुढची काठी घेऊन पोचल्या. तक्रार आली नाही. आणि मग शेवटचा सामना आला. जिंकलो तर आम्ही वरच्या गटात जाणार होतो. आमचा कप्तान लुकास याचा हा शेवटचाच सामना, पदवी पूर्ण करून तो दूर गार्चिंग गावी चालला होता. मागच्या गणपतीत त्याला मी पाच मोदक दिले होते आणि त्याने ते खिशात घालून नेले होते, म्हणून तो मला लक्षात.

सामना संपत आला तेव्हा आम्ही थोडक्या गुणांनी मागे होतो. चेंडू आमच्याकडे. शेवटची दोन मिनिटं अजून सुरू व्हायची होती, म्हणजे घड्याळ न थांबण्याचीच वेळ. लुकासने लांब फेक केली, आमच्या पोराने झेलली आणि मैदानाच्या आतच पडला. दहा यार्ड सहज पार. घड्याळ पळत होतं. फ्राऊ होप्पे "लोस!" म्हणून ओरडल्या. मी निघाले. गुडघ्याने जे म्हणायचं ते म्हटलं, मी ऐकलं नाही. काठी रोवली, थिले पोचले, साखळी ताणली गेली. आमच्यात तरी उशीर कुठेच झाला नाही. आणि मग थिले चिमट्यासाठी वाकले.

यानिक कडेने धावत आला होता. "वायटर! वायटर!" तो ओरडत होता, म्हणजे चला, पुढे चला. लुकास मधून हात हलवत होता. प्रेक्षक शिट्ट्या मारत होते, आमचे स्वतःचे प्रेक्षक. शेजारी उभ्या असलेल्या पंचांनी मला विचारलं, "झालं?"

थिले यांचा चिमटा साखळीवरून घसरला. त्यांनी तो गवतातून उचलला.

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. मराठीतही सोपं, जर्मनमध्येही सोपं. चिमट्याकडे कोण बघतंय? आमचीच पोरं, आमचाच वेळ जातोय, आमचीच साखळी जाणार आहे.

मी म्हटलं, "नाइन." म्हणजे नाही.

"फ्राऊ दामले!" यानिक माझ्या कानात ओरडला.

"नाइन," मी पुन्हा म्हटलं, त्याच्याकडे न बघता. घड्याळ पळत होतं. थिले यांनी चिमटा लावला, बोटाने दाबून बघितला, उभे राहिले आणि मान हलवली. मग मी पंचांना सांगितलं, "आता झालं."

पुढचे तीन प्रयत्न धसमुसळे झाले, आणि तोवर ती शेवटची दोन मिनिटंही सुरू झाली. चौथ्या प्रयत्नात लुकास स्वतः चेंडू घेऊन ढिगाऱ्यात घुसला. सगळे बाजूला झाल्यावर चेंडू त्याच्या पोटाखाली होता. दहा यार्ड झाले की नाही? कडेवरून कुणालाच सांगता येईना. आमचे म्हणत होते झाले, त्यांचे म्हणत होते नाही. मुख्य पंचांनी दोन्ही हात वर केले, घड्याळाकडे बोट केलं आणि आमच्याकडे वळून साखळीची खूण केली.

घड्याळ थांबलं.

मोजणीसाठी ते अजूनही थांबतं. तेवढं समितीच्या लोकांनी सोडलंय, किंवा विसरलेत. मी मागे बघितलं. यानिक डोक्याला हात लावून उभा होता. मग मी थिले यांना म्हटलं, "चला, आता घाई नाही."

एका पंचांनी चिमटा धरला, थिले यांनी मागची काठी, फ्राऊ होप्पे यांनी पुढची, आणि आम्ही मैदानाच्या मध्याकडे निघालो. थिले चालतात त्या चालीने. मी मुद्दाम त्यांच्यापुढे एकही पाऊल टाकलं नाही. कुणी "वायटर" म्हटलं नाही. प्रेक्षक उठून उभे राहिले होते. सॉसेजवाला चिमटा हातात धरून स्टॉलबाहेर आला होता, त्याचा चिमटा वेगळा. मोबाइलवाल्या वडिलांनी तिकाटणं उचलून कडेपर्यंत आणलं होतं. थिले ताठ चालत होते, ट्रामचा गणवेश घातल्यासारखे.

पंचांनी चिमटा रेघेवर टेकवला. फ्राऊ होप्पे यांनी साखळी ताणली. पुढची काठी चेंडूच्या पुढे गेली. एक तळहात मावेल एवढं अंतर होतं.

आमचे हरले. वेळ उरला होता, पण चेंडू आता त्यांचा होता आणि त्यांनी तो वेळ शांतपणे संपवला.

चिमटा नसता तर पंचांनी अंदाज केला असता, आणि अंदाज कुठे झुकतो ते मी वर लिहिलंच आहे. कदाचित आम्ही जिंकलो असतो. कदाचित तो चिमटा लावण्यात गेलेला वेळ हातात असता तरी जिंकलो असतो. रात्री पडल्या पडल्या हे सगळं मनात येतं. लुकास गुडघ्यावर बसला, काठी आणि चेंडूच्या मधे त्याने स्वतःचा तळहात ठेवून बघितला, आणि उठला. पंचांशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हातभर अंतरावर उभी होते आणि मला त्याच्या पाठीवरून हात फिरवता आला नाही, कारण पंच मैदानाबाहेर जाईपर्यंत साखळीवाले कुणाचेच नसतात. याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा "नाइन" म्हणेन. दहा यार्ड म्हणजे दहा यार्ड. आपल्या पोरासाठी नऊ करायचे असतील तर मग साखळी कशाला, अंदाजच पुरे.

सगळं संपल्यावर आम्ही तिघं कडेला साखळी गुंडाळत बसलो. फ्राऊ होप्पे यांनी काठ्यांवरचा चिखल रुमालाने पुसला, जणू काठ्या कुणाला परत द्यायच्या आहेत. थिले यांनी चिमटा काढला आणि खिशात न ठेवता हातातच धरला. मला कळलं का ते: पुन्हा हातात मिळेल की नाही, कुणाला ठाऊक.

यानिक येताना दिसला. मैदानाच्या मध्यापासून, जिथे मोजणी झाली होती तिथून. मी मनात भाषण तयार केलं. जर्मनमध्ये कमी पडलं तर मराठीत करणार होते. पंच काय लिहिणार, मी काय सांगणार, केकच्या स्टॉलचं काय करायचं, सगळं तयार होतं.

तो आमच्यासमोर उभा राहिला. चेहरा लाल. "आल्झो," तो म्हणाला आणि थांबला. थिले यांच्या हातातल्या चिमट्याकडे बघत राहिला.

मग त्याने वाकून दोन्ही काठ्या आणि साखळी उचलली, एकट्याने, खांद्यावर घेतली आणि निघाला. मला वाटलं, गेली. पण तो विद्यार्थ्यांच्या खोलीकडे वळला नाही. पुढे जाऊन माझ्या जुन्या सामानाच्या खोलीच्या दारात थांबला, जिथे साखळी नेहमी ठेवतात, आणि मागे वळून माझी वाट बघत उभा राहिला. किल्ली अजूनही माझ्याकडेच असते.

मी दार उघडलं. त्याने काठ्या कोपऱ्यात उभ्या केल्या, साखळी खिळ्याला अडकवली.

"वसंतात पहिला सामना," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "अकराला या."

"साडेदहाला येऊ," मी म्हटलं. "थिले हळू चालतात."